पावसात हम्पता करताय? मग स्लीपिंग बॅगबद्दल थोडं

जून उजाडला की व्हॉट्सॅपवर एकच प्रश्न यायला लागतो. हिमाचलातला हम्पता पासचा (खिंडीचा) ट्रेक करतोय, किंवा काश्मीर ग्रेट लेक्सचा करतोय, स्लीपिंग बॅग कुठली घेऊ, ही मायनस दहावाली चालेल ना? आणि सोबत कुठल्यातरी ऑनलाइन दुकानाचा स्क्रीनशॉट, त्यात एक लालभडक ममी बॅग (डोक्याला टोपी, पायाकडे निमुळती) आणि बाजूला ठळक अक्षरात -१०. प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करून माझी बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच इथे लिहून टाकतो, पुढच्या वर्षी लिंक फेकता येईल.

आधी तो मायनस दहा नक्की कशाचा आहे ते बघा. बॅगांचं तापमान मोजायचं एक स्टँडर्ड आहे, आधी ईएन १३५३७ होतं, आता आयएसओ २३५३७ आहे. थंडगार खोलीत मॅटवर बॅग अंथरून त्यात सेन्सर लावलेला गरम पुतळा झोपवतात, अंगात थर्मल वगैरे घालून, आणि उष्णता किती जाते ते मोजतात. त्यातून तीन आकडे निघतात. कम्फर्ट म्हणजे सर्वसाधारण बाई ज्या थंडीत हातपाय सैल सोडून झोपू शकेल ते. लिमिट म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढेल ते. आणि एक्स्ट्रीम म्हणजे, झोपबीप विसरा, काही तास जीव तगेल एवढंच, हायपोथर्मियाचा धोका धरूनच. आता तुम्हीच सांगा, विकणारा यातला कुठला आकडा मोठ्या अक्षरात छापणार? कम्फर्ट ५ असलेल्या बॅगेचा एक्स्ट्रीम सहज मायनस दहाच्या खाली जातो. त्यामुळे फक्त कम्फर्ट बघायचा, आणि लेबलवर कम्फर्ट लिहिलेलाच नसेल तर ती बॅग कितीही स्वस्त असली तरी सोडून द्यायची. थंडी जास्त वाजणाऱ्यांनी, आणि बहुतेक बायकांनी, त्यातही चारपाच डिग्री हातात ठेवायच्या.

मग कम्फर्ट किती लागेल? याचा हिशोब सोपा आहे, वर चढताना दर हजार मीटरला साधारण सहा-साडेसहा डिग्री उतरतात. मनाली दोन हजार मीटरला आहे, जुलैत तिथे रात्री पंधराच्या आसपास असतं. हम्पताच्या वाटेवरचा बालू का घेराचा कॅम्प साडेतीन हजारच्या थोडं वर, म्हणजे पाचसहा डिग्री झाले, पासपलीकडचा शिया गोरूचा कॅम्प त्याहून वर आणि वाऱ्याचा. आकाश मोकळं झालं तर अजून खाली. म्हणजे कम्फर्ट ० ची बॅग पुरते. लोकांना वाटतं अरे एवढंच? डिसेंबरात उत्तराखंडातला केदारकांठा केला तेव्हा मायनस आठ-दहा होतं, तिथे मस्त झोपलो, हे काय मग.

हेच काय ते सगळं आहे खरं तर. केदारकांठ्याची थंडी कोरडी. बर्फ पडलं तरी ते झटकून टाकता येतं, टेण्टवरून थापटलं की घसरतं. पावसाळ्यातल्या हिमालयात तापमान शून्याच्या वर असतं म्हणूनच घोळ होतो, कारण पाणी पाणीच राहतं आणि सगळीकडे शिरतं. ट्रेक सुरू होतो त्या जोब्रापासून चीका, बालू का घेरा हे कॅम्प, ही सगळी कुल्लूची बाजू, भरपूर पावसाची, हिरवीगार, आणि ओली. पास ओलांडून छत्रूकडे उतरलात की लाहौल, पर्जन्यछायेतला प्रदेश, दगडधोंडे आणि धूळ. म्हणजे ट्रेकच्या पहिल्या सगळ्या रात्री ओल्या, आणि बॅग वाळवायला धड ऊन मिळायची खात्री कधी, तर ट्रेक संपत आल्यावर. त्यामुळे माझ्या मते इथे प्रश्न पहिल्या रात्री बॅग किती गरम आहे हा नाहीच, तिसऱ्या रात्री ती किती गरम उरली हा आहे.

कारण बॅग ओली व्हायला पाऊस थेट आत यावा लागत नाही. तुमच्या अंगातून रात्रभर वाफ निघत असते, ती बॅगेतून बाहेर जायला बघते आणि बाहेरच्या गार थरापाशी आली की तिथेच पाणी होऊन बसते. टेण्टमध्ये तिघं झोपलेले, श्वासाची वाफ वर कापडाला चिकटते, मग थेंब, मग कोणीतरी कूस बदलली की टेण्ट हलतो आणि सगळे थेंब अंगावर. उंच माणसाची बॅग पायाशी टेण्टच्या कापडाला टेकते, सकाळी बघा, पायाकडचा वीतभर भाग ओलाकच्च असतो. आणि बॅग रोज सकाळी तशीच कोंबून सॅकमध्ये भरायची, कारण सातला निघायचंय. दुसऱ्या दिवशी ती जरा जड लागते. तिसऱ्या दिवशी अजून.

आता डाऊन की सिंथेटिक. डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या छातीखालची मऊ पिसं, ती फुलतात आणि त्यात हवा अडकते, त्या अडकलेल्या हवेची ऊब. किती फुलतात ते फिल पॉवरमध्ये मोजतात, ५५० बरी, ६५० चांगली, ८०० भारीतली. वजनाला आणि घडीला डाऊनला तोड नाही, कम्फर्ट ० ची बॅग किलो-सव्वाकिलोत बसते, सिंथेटिक तेवढीच गरम घ्यायची तर पावणेदोन-दोन किलो आणि सॅकचा अर्धा पोटमाळा तीच खाते. पण ओली झाली की डाऊन फुलतच नाही. आमच्या ग्रुपमधल्या एका मित्राची महागाची डाऊन बॅग मी बालू का घेराला हातात घेऊन बघितली होती, वरून कापड नुसतं दमट लागत होतं, पण छातीवरच्या एका कप्प्यात बोटं फिरवली तर पिसं सगळी एका कोपऱ्यात भिजल्या कापसासारखी गोळा झालेली आणि बाकीच्या कप्प्यात वरचं कापड खालच्या कापडाला चिकटलेलं, मध्ये काहीच नाही. तिथून थंडी थेट आत. पिसांवर पाणी न धरणारं कोटिंग केलेली डाऊनही मिळते, तिने भिजायला वेळ लागतो एवढंच, चार दिवसांच्या दमटपणापुढे तीही मान टाकते.

सिंथेटिक म्हणजे पिसांऐवजी पॉलिएस्टरचे धागे भरलेली, आणि हे धागे पाणी फारसं पीत नाहीत. ओली झाली तरी थोडीफार फुललेली राहते, थोडीफार ऊब देते, पिळून झटकून अर्धा तास वाऱ्यावर टाकली तरी फरक पडतो. ओली सिंथेटिक मस्त गरम राहते असं मात्र कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, ओली बॅग ती ओलीच, फक्त रात्र निभते. दोन-तीन वर्षं घट्ट दाबून ठेवली की ती चपटी पण होते. तरीही जुलै-ऑगस्टच्या हम्पताला, स्वतःची सॅक स्वतः उचलणार असाल आणि एकच बॅग घ्यायची असेल तर मी सिंथेटिकच सांगेन, कम्फर्ट ०, गपचूप. किंमतही डाऊनच्या निम्म्याहून कमी. केदारकांठा, ब्रह्मताल असल्या हिवाळी ट्रेकसाठी मात्र डाऊनच घ्या, तिथे तिच्यासारखं सुख नाही.

ज्यांच्याकडे पातळ डाऊन आधीच आहे त्यांनी ती विकायची गरज नाही. तिच्यावरून एक हलकी सिंथेटिक बॅग किंवा क्विल्ट सैलसर घ्या, दाबून नाही. मग वाफेचं पाणी होतं ते बाहेरच्या सिंथेटिक थरात, डाऊन कोरडी राहते. उलट, भिजू नये म्हणून पोंचो (पावसाचा झगा) अख्ख्या बॅगेवर गुंडाळून झोपणारे असतात, त्यांची स्वतःचीच वाफ आत कोंडते आणि सकाळी पोंचोच्या आतून पाणी. पोंचो फक्त पायाशी टाका.

कॅरीमॅटवर, म्हणजे बॅगेखाली अंथरायच्या मॅटवर, कोणी बोलत नाही. बॅगेचा तुमच्या पाठीखालचा भाग तुमच्याच वजनाने दाबला जातो, त्यात हवा उरत नाही, म्हणजे खालून तुम्हाला बॅग जवळजवळ नसतेच. ओल्या गवतावर टेण्ट लावलाय, जमीन रात्रभर तुमची ऊब ओढतेय, आणि तुम्ही विचार करताय की बॅग मायनस पंधराची घ्यायला हवी होती. मॅटची आर व्हॅल्यू, म्हणजे ती ऊब किती अडवून धरते तो आकडा, बघा, साधी फोमची दोनच्या आसपास असते, आणि हे आकडे एकावर एक ठेवले की बेरीज होते. म्हणून दोन फोम मॅट, किंवा फोमवर हवेची. नुसती हवेची पंक्चर झाली की रात्र गेली. बजेट तुटपुंजं असेल तर बॅगेतले पैसे वाचवून मॅटवर घाला, हे मी मनापासून सांगतोय.

सॅकचं रेनकव्हर हा एक गोड गैरसमज आहे. पाणी पाठीकडून, पट्ट्यांवरून उतरतं आणि कव्हरच्या तळाशी साठतं, आणि सॅकच्या तळाच्या कप्प्यात काय असतं, तर स्लीपिंग बॅग, कारण कंपनीने तिथे तसं चित्र काढलेलं असतं! सॅकच्या आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घाला, तिच्यात बॅग आणि झोपायचे कपडे, तोंड पिळून, दुमडून बांधा. हे सह्याद्रीत पावसाळ्यात फिरणाऱ्यांना सांगावं लागत नाही, आपल्याकडे मोबाइलपासून पोह्यांपर्यंत सगळं पिशवीतच असतं. बाकी सह्याद्रीत पावसात ही असली बॅग नेऊ नका बरं का, हरिश्चंद्रगडाच्या गुहेत ऑगस्टमध्ये सुद्धा एक लायनर (बॅगेच्या आत घालायची पातळ खोळ) आणि कोरडी चादर पुरते, कम्फर्ट ० मध्ये घामाने भिजाल.

दुकानात गेलात की लाजायचं नाही, बॅग जमिनीवर पसरायला सांगायची, दहा मिनिटं फुलू द्यायची आणि फ्लीस घालून आत शिरायचं. पाय ताणल्यावर अंगठा टोकाला दाबतोय का, खांद्यापाशी हलता येतंय का. फार ढगळ पण नको, ती रिकामी हवा तापवायला तुमचंच इंधन जातं. मग आतूनच, एका हाताने, डोळे मिटून चेन लावून उघडून बघा, कारण रात्री दोनला अंधारात, बाहेर पाऊस पडत असताना आणि लागलेली असताना हेच करायचंय. चेनच्या मागे कडक पट्टी नसेल तर आतलं पातळ कापड हमखास अडकतं. चेनच्या आतून आणि मानेपाशी भरलेली वळकटी हवीच, नाहीतर कूस बदलली की सगळी ऊब मानेतून बाहेर. आणि वरची शिलाई आरपार आतल्या कापडात गेलेली दिसली तर त्या प्रत्येक रेघेवर भरण शून्य, ती बॅग थंडीची नाही.

ट्रेक नेणाऱ्या ऑपरेटरची बॅग भाड्याने घेणार असाल तरी यातलं बरंच लागू होतं. बेस कॅम्पला वाटप होतं तेव्हाच चेन दोनदा चालवून बघायची आणि पायाकडचा भाग दाबून बघायचा, दमट लागला तर तिथेच बदलून मागायची, वर गेल्यावर बदलायला दुसरी नसते. फ्लीसचा लायनर स्वतःचा न्या, थोडी ऊब वाढते आणि आधी कोण झोपलं होतं हा विचार करावा लागत नाही.

कॅम्पवर ओले मोजे हवं तर पिळून आत घ्या, ओलं जॅकेट अजिबात नाही, ते वाळवायचं पाणी बॅगेतच जाणार. टेण्टची खिडकी गार वाटली तरी थोडी उघडी ठेवायची. सकाळी पाऊस नसेल तर नाश्ता होईपर्यंत बॅग उलटी करून टेण्टवर टाकायची, ढगाळ असलं तरी.

आणि घरी आल्यावर तिला त्या चिमुकल्या पिशवीत कोंबून माळ्यावर टाकू नका. आपल्या पुण्या-मुंबईच्या, त्यातून कोकणातल्या पावसाळ्यात ती ऑक्टोबरला कुबट वास मारत बाहेर येते. दोनतीन दिवस पंख्याखाली वाळवा, मग गादीच्या जुन्या सुती खोळीत सैल घालून कपाटात वरच्या दांडीला अडकवा. डाऊन धुवायची वेळ आली तर ड्रायक्लीनला देऊ नका, पुढून उघडणाऱ्या मशीनमध्ये डाऊनसाठीचा साबण टाकून हलक्या सायकलवर धुवा आणि वाळवताना गुठळ्या हाताने फोडत राहा. याला सहज दोन दिवस जातात, त्यामुळे हे काम मे महिन्यातल्या उन्हाळ्यात गच्चीवर, सावली धरून.