तुम्ही विचारलंत म्हणून: सल्लागार मंडळावर मी काय करते

“मुलांच्या कानांच्या शस्त्रक्रियांतून तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, मग त्या संस्थेच्या सल्लागार मंडळावर कशाला गेलात?” हा प्रश्न सहकारी विचारतात, नातेवाईक विचारतात आणि हल्ली तपासणीला आलेले पालकही विचारू लागले आहेत. मानधन मिळत असेल असा काहींचा अंदाज असतो, नाव होत असेल असा इतरांचा. मानधन मिळत नाही, आणि माहितीपत्रकाच्या मागच्या पानावर बारीक अक्षरांत छापल्यामुळे कोणाचे नाव झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तुम्ही विचारलेत म्हणून खरे कारण सांगते. ते दोन शब्दांत अडकलेले आहे.

ही संस्था कोलेस्टिआटोमा झालेल्या मुलांच्या घरच्यांना आधार देते आणि ती अशाच मुलांच्या पालकांनी सुरू केलेली आहे. या आजारात त्वचा नको त्या जागी वाढते. कानाचा पडदा आत ओढला जाऊन तिथे खिसा तयार होतो, त्वचेच्या मृत पेशी बाहेर पडण्याऐवजी त्यात साठत जातात आणि वाढता वाढता तो गोळा शेजारचे हाड पोखरतो. काही थोड्या मुलांत तो जन्मापासूनच धड पडद्याच्या मागे मोत्यासारखा पांढरा दिसतो. १८३८ मध्ये योहानेस म्युलर या जर्मन शास्त्रज्ञाने दिलेले नाव मात्र तेव्हापासून घोळ घालत आले आहे, कारण नावात चरबीही आहे आणि गाठही आहे, प्रत्यक्षात मात्र तो चरबीचाही नसतो आणि कर्करोगाचा तर नसतोच.

हे सगळे ठाऊक असूनही निदान सांगताना मी वर्षानुवर्षे ‘गाठ’ हाच शब्द वापरत होते, कारण तो तोंडात बसलेला होता. एकदा एका सात वर्षांच्या मुलाच्या आईला मी कागदावर हातोडी, ऐरण आणि रिकीब ही कानात आवाज पुढे पोचवणारी तीन हाडे काढून दाखवली, रोग कुठे आहे आणि चेहऱ्याची नस त्याच्या किती जवळून जाते तेही समजावले, आणि शेवटी काही विचारायचे आहे का म्हटले. तिने विचारले, “त्याचे केस जातील का?” ‘गाठ’ या शब्दानंतर मी जे वीस मिनिटे बोलले होते, त्यातले काहीही तिच्यापर्यंत पोचलेले नव्हते. संस्थेचे पत्र आले तेव्हा हा प्रसंग ताजा होता आणि, खरे सांगायचे तर, पालकांना नीट समजावून सांगणारे कोणीतरी हवे, ते काम आपण करू, अशा काहीशा उपकारकर्त्या भावनेने मी होकार दिला.

पहिल्याच बैठकीत ती भावना उतरली. माहितीपत्रकाचा मसुदा माझ्याकडे तपासणीसाठी होता आणि त्यातले ‘बहुतेक मुलांत शस्त्रक्रिया यशस्वी होते’ हे वाक्य मी खटकण्यासारखे काही नाही म्हणून सोडून दिले होते. समोर बसलेल्या एका वडिलांनी ‘यशस्वी’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि विचारले, “डॉक्टर, यशस्वी म्हणजे नेमके काय?” त्यांच्या मुलीच्या एकाच कानावर तीन शस्त्रक्रिया झालेल्या होत्या.

आम्हा शल्यचिकित्सकांच्या हिशेबात क्रम ठरलेला असतो: आधी कान सुरक्षित करायचा, म्हणजे रोग मेंदूच्या आवरणाकडे, चेहऱ्याच्या नसेकडे किंवा आतल्या कानाकडे सरकू द्यायचा नाही, मग तो कोरडा करायचा, म्हणजे वाहणे आणि तो विशिष्ट कुबट वास थांबवायचा, आणि त्यानंतर जमेल तेवढे ऐकू येणे वाचवायचे किंवा परत आणायचे. पालकांच्या मनात हा क्रम नेमका उलटा असतो. त्यात एक विचित्र गोष्ट अशी, की ऐरणीच्या लांब दांड्याला रक्तपुरवठा बेताचाच असल्याने तिन्ही हाडांत बहुधा तोच आधी झिजतो, आणि काही कानांत त्या तुटलेल्या जागी खुद्द रोगाचाच गोळा पूल बनून आवाज पुढे पोचवत असतो. तो काढला की कान सुरक्षित होतो आणि मूल पूर्वीपेक्षा कमी ऐकू लागते. हाड बसवून ही उणीव पुढे काही प्रमाणात भरून काढता येते, पण पहिल्याच वेळी ते शक्य होईलच असे नाही. “आमच्या घरी वर्षभर आम्ही डॉक्टरांच्या नावाने खडे फोडत होतो,” ते गृहस्थ म्हणाले, “आणि त्यांच्या वहीत ती शस्त्रक्रिया यशस्वी होती.”

त्या एका वाक्यावर दीड तास गेला. शेवटी जे छापले ते असे: ‘रोग काढणे हा शस्त्रक्रियेचा पहिला हेतू असतो. त्यानंतर ऐकू येणे सुधारू शकते, तसेच राहू शकते किंवा कमीही होऊ शकते. आपल्या मुलाच्या बाबतीत काय अपेक्षित आहे, हे आधीच विचारून घ्या.’ मी एकटीने हे लिहिले असते असे मला वाटत नाही. ‘किंवा कमीही’ हे शब्द मी गाळले असते, पालक घाबरतील म्हणून.

उलट दिशेनेही अडवावे लागते. घरगुती तेलाने मुलाचा कान बरा झाल्याचा अनुभव एका पालकाला पत्रकात द्यायचा होता. मी ठाम नकार दिला, कारण कान वाहायचा थांबला म्हणजे रोग गेला असे होत नाही; वरून कोरड्या दिसणाऱ्या कानातही हाड झिजत राहू शकते. ते पालक अजूनही माझ्याशी जेवढ्यास तेवढे बोलतात. संस्थेच्या दूरध्वनीवर बसणाऱ्या स्वयंसेवकांनी औषध सुचवायचे नाही, मात्र वाहत्या कानासोबत चेहरा वाकडा होणे, गरगरणे, तापासह तीव्र डोकेदुखी किंवा कानामागे सूज यांपैकी काहीही ऐकले तर त्याच दिवशी रुग्णालयात जायला सांगायचे, हाही माझाच आग्रह. मी स्वतः एकाही मुलाबद्दल तिथे वैयक्तिक सल्ला देत नाही आणि तिथून कोणाला माझ्याकडे वळवत नाही. श्रवणयंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या देणगीचा विषय निघाला की मी खोलीबाहेर जाते, कारण ती यंत्रे लिहून देणारी मीच असते.

संस्थेचे जे काम मला सर्वांत मोलाचे वाटते, त्यात माझा वाटा जवळपास नाही. मुलांत हा रोग मोठ्यांपेक्षा अधिक जोमाने वाढतो आणि परत होण्याची शक्यताही अधिक असते, म्हणून वर्षानुवर्षे तपासणी लागते. विशिष्ट प्रकारच्या एमआरआयमुळे आत पुन्हा डोकावण्यासाठीची प्रत्येक शस्त्रक्रिया आता करावी लागत नाही, पण साधारण तीन मिलिमीटरपेक्षा लहान अवशेष त्यातही निसटू शकतो, म्हणून एकदा निर्मळ आलेले चित्र शेवटचे धरता येत नाही. मूल खेळते आहे, कान दुखत नाही, अशा वेळी तारीख चुकते, आणि रुग्णालयाची पत्रे तशीच पडून राहतात. दुसऱ्या एखाद्या मुलाच्या आईने, “आमचीही मागच्या वर्षी राहून गेली होती,” असे फोनवर सांगितले की मात्र ती मंडळी येतात.

पुढच्या बैठकीत शाळांना द्यायच्या पत्राचा मसुदा आहे. एका कानाने कमी ऐकणाऱ्या मुलाला पहिल्या बाकावर बसवावे, असे मी त्यात लिहिले होते. एका आईने आधीच कळवले आहे, की पहिल्या बाकावरून तिच्या मुलीला मागे कोण बोलते ते समजतच नाही. बाजूच्या रांगेत, दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर, चांगला कान वर्गाकडे करून बसवले तर मान वळवून सगळे दिसतात. मसुदा मी परत मागवला आहे.