टक्केवारीविरुद्ध अपील मी का केले

दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी खेटे घालणारी माणसे, बहुतेक वेळा त्यांचे आईवडील, मला विचारतात, "बोर्डाने दिलेले टक्के मान्य नाहीत असे लिहून देताना तुम्हाला भीती वाटली नाही का?" त्यामागोमाग खरी शंका येते, "आणि आहे तेही हातचे गेले तर?" तुम्ही विचारलेत म्हणून सविस्तर लिहिते.

माझा उजवा पाय लहानपणी पोलिओने अधू झाला आणि पुढे एका अपघातात डावे मनगट मोडून कायमचे आखडले. तपासणीच्या दिवशी मंडळाने पाय पाहिला, चालून दाखवायला सांगितले; हाताचा विषय मी काढला तेव्हा पुढच्या माणसाला बोलावणे झाले होते. प्रमाणपत्रावर ३० टक्के आले. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात सरकारी नोकरीतील किमान ४ टक्के आरक्षणासाठी ४० टक्क्यांची अट आहे, आयकरातील वजावटही ४० पासूनच मिळते, त्यामुळे ते प्रमाणपत्र हातात असूनही त्याचा मला काही उपयोग नव्हता.

पहिला अर्ज मी रागाने लिहिला. त्यात बसच्या पायऱ्या होत्या, एका हाताने उचललेल्या बादल्या होत्या, लोकांच्या नजरा होत्या. ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी तो शांतपणे वाचला आणि विचारले, "यात मंडळाची चूक कुठे दाखवली आहे?" मी लिहिलेले सगळे खरे होते, पण मंडळाने माझे दुःख नाकारले नव्हते, त्यांनी एक अवयव मोजायचा सोडला होता, आणि तेवढेच सिद्ध करणे माझ्या हातात होते.

मूल्यमापनाच्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत दोन आकडे एकत्र करण्याची रीत दिलेली आहे. ते सरळ बेरजेने मिळवत नाहीत. मोठा आकडा ९० मधून वजा करायचा, उरलेल्याला लहान आकड्याने गुणून ९० ने भागायचे आणि जे येईल ते मोठ्या आकड्यात मिळवायचे. मनगटाच्या हालचाली मोजून घेतल्यावर हाताचे १८ टक्के होत होते. पायाचे ३० धरले तर ९० वजा ३० म्हणजे ६०, त्याला १८ ने गुणून ९० ने भागले की १२, आणि एकूण ४२. हे गणित मला आधी कोणी सांगितले असते तर किती बरे झाले असते, असे आजही वाटते.

अपिलाचा हक्क त्याच अधिनियमाच्या कलम ५९ मध्ये आहे. मुदत आणि पद्धत राज्य सरकार ठरवते, म्हणून प्रमाणपत्र हातात पडेल त्याच दिवशी मुदत विचारून घ्यावी. तपासणीच्या नोंदी मी माहितीच्या अधिकारात मागितल्या, मात्र त्या उत्तराला ३० दिवस लागू शकतात, तेव्हा त्यासाठी अपील थांबवू नये. माझा दुसरा अर्ज एका पानाचा होता: कोणता अवयव तपासला नाही, त्याचे जुने एक्स-रे आणि उपचारांची कागदपत्रे कोणती, आणि मागणी काय. त्याची पोच शिक्क्यासह घेतली. फेरतपासणीत मनगट मोजले गेले आणि ४२ टक्के मिळाले.

आता तुमची शंका. आकडा कमी होणारच नाही, असे मी कोणालाही सांगत नाही; नव्याने मोजले की तो दोन्ही बाजूंना सरकू शकतो. म्हणून आधी बाहेर नीट मोजून घ्या, आणि चूक नेमकी दाखवता येत असेल तरच पुढे जा. मी मोजून घेतले होते, कागद क्रमाने लावले होते, तरीही फेरतपासणीच्या आदल्या रात्री मला झोप लागली नव्हती.