तुम्ही विचारलंत म्हणून : मोठं धरण हवं की नको?

पाण्यावर बोलायला कुठेही गेलो, की शेवटी कुणीतरी विचारतंच, "ते सगळं ठीक आहे, पण तुम्ही मोठ्या धरणांच्या बाजूचे की विरोधातले?" विचारणाऱ्याचं स्वतःचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. मी कुठल्या बाकावर बसतो, एवढंच त्याला बघायचं असतं. मी उलट विचारतो, "कुठलं धरण? आणि त्याचे दरवाजे कधी उघडतात?" लोकांना वाटतं, हा टाळतोय. टाळत नाही हो. दोन मिनिटांत सांगता येत नाही, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

पायापासून पंधरा मीटर किंवा जास्त उंच ते मोठं धरण, अशी ढोबळ व्याख्या आहे. जागतिक धरण आयोगानं २००० साली अहवाल दिला, तेव्हा जगात अशी सुमारे ४५ हजार धरणं होती. जगातलं १२ ते १६ टक्के अन्न धरणांच्या भरवशावर पिकतं, असा अंदाज त्या अहवालात आहे. धरणांपायी ४ ते ८ कोटी माणसं घरादारावरून उठली, हा अंदाजही त्यातच आहे. बाजूचे लोक पहिला आकडा वाचून दाखवतात, विरोधातले दुसरा. अहवाल मात्र एकच.

धरण पाणी तयार करत नाही, पाण्याची तारीख बदलतं. पावसाळ्यात वाहून जाणारं पाणी उन्हाळ्यात हाताशी येतं, हे त्याचं मुख्य काम. पण त्या एकाच पाण्यावर वेगवेगळ्या तारखांचे दावे असतात. शेतीला पेरणीला आणि दाणा भरताना आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, हवं. वीजवाल्यांना संध्याकाळी मागणी चढली की हवं, आणि एरवी जलाशयाची पातळी उंच राहायला हवी, कारण पाणी जितक्या उंचीवरून पडेल तितकी वीज जास्त. शहराला रोज हवं, खंड न पडता. त्यात पुराचा हिशेब वेगळाच. पूर अडवायचा तर ऐन पावसाळ्यात धरणात जागा मोकळी लागते. म्हणजे काठोकाठ भरलेलं धरण ही वीजवाल्यांची निश्चिंती आणि नदीकाठच्या गावांची धास्ती. चारही कामं करणारं 'बहुउद्देशीय' धरण हे उद्घाटनाच्या भाषणात फार छान वाटतं. प्रत्यक्षात रोज सकाळी कुणाला तरी नाही म्हणावं लागतं.

कोयनेचं उदाहरण मी हटकून देतो, कारण तिथे हा तिढा कागदावर मांडता येतो. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), वीजनिर्मितीची क्षमता १९६० मेगावॉट. नदी मुळात पूर्वेकडे वळून कृष्णेला मिळणारी. पण पश्चिमेला सह्याद्रीचा कडा थेट कोकणात उतरतो. बोगद्यातून पाणी तिकडे नेलं, की ते पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पडतं. एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एवढं पाणी त्या उंचीवरून टर्बाइनवर घातलं, तर साधारण तीन कोटी युनिट वीज होते. तेच पाणी धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून पूर्वेला सोडलं, तर उंची फारच कमी मिळते आणि वीजही त्याच हिशेबात घटते.

पण पायथ्याला वीज करून झाल्यावरही पाणी शिल्लक राहतं. ते नदीतून पुढे जातं. हंगामाला हेक्टरी सहा-सात हजार घनमीटर धरलं, तर त्या एका टीएमसीवर चार हजार हेक्टरांच्या वर भिजतं. पश्चिमेला गेलेलं पाणी वीज करून वाशिष्ठीतून अरबी समुद्राला मिळतं. म्हणून कृष्णा पाणीतंटा लवादानं या पश्चिम वळणावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली, आणि म्हणूनच दर दुष्काळात 'समुद्राला जाणारं पाणी पूर्वेला सोडा' ही मागणी उठते.

आता यातली मेख बघा. पूर्वेला सोडलेलं पाणी दुष्काळी तालुक्यांत आपोआप पोचत नाही. तो भाग चढावर आहे. टेंभू किंवा म्हैसाळसारख्या उपसा योजना पाणी टप्प्याटप्प्यानं वर उचलतात आणि त्याला वीज लागते, तीही थोडीथोडकी नाही. म्हणजे निर्णय बदलला, की एकीकडे वीज कमी तयार होते आणि दुसरीकडे जास्त खर्च होते. पाणी, अन्न आणि वीज हे तीन स्वतंत्र विषय आहेत असं मानून तीन खात्यांत तीन फायली फिरत असतात. कोयनेच्या पाण्याला त्या फायली दिसत नाहीत.

माझं मत विचाराल, तर कोयनेचं पाणी संध्याकाळच्या चार-पाच तासांसाठी राखून ठेवावं. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू करता येतो. औष्णिक केंद्राला ते जमत नाही आणि सौर पॅनेल त्या वेळी झोपलेलं असतं. भर दुपारी ऊन फुकट पडत असताना धरणाचं पाणी समुद्राला सोडून वीज करणं मला पटत नाही. खालचं पाणी दिवसाच्या सौर विजेवर पुन्हा वर चढवायचं, या उदंचन पद्धतीला आता जगभर मागणी आहे, ती याच हिशेबामुळे.

बाहेरचं उदाहरण द्यायचं, तर इजिप्तमध्ये नाईल नदीवरच्या अस्वानच्या उंच धरणाचं. धरणाचं काम १९६० ला सुरू झालं आणि १९७० ला पुरं झालं. त्याच्या आधी, १९५९ मध्ये, इजिप्त आणि सुदान यांनी नाईलचं पाणी वाटून घेतलं. वर्षाचा प्रवाह ८४ अब्ज घनमीटर धरला. त्यातले ५५.५ इजिप्तला, १८.५ सुदानला. उरलेले १०? ते वाळवंटातल्या जलाशयातून होणाऱ्या बाष्पीभवन-पाझराच्या नावावर. दोन सरकारांनी करार करतानाच सूर्याला वाटेकरी धरलं होतं! कोयनेचे तीन जलाशय भरून उरतील एवढं हे पाणी, आणि तेही दर वर्षी.

एवढं गमावून मिळालं काय? १९८० च्या दशकात नाईलच्या खोऱ्यात सलग दुष्काळ पडला. इथिओपियात १९८४ च्या आसपास लाखो माणसं उपासमारीनं मेली. त्याच नदीच्या खालच्या टोकाला इजिप्तमध्ये पिकं उभी होती, कारण मागच्या चांगल्या वर्षांचं पाणी जलाशयात शिल्लक होतं. १९८८ पर्यंत पातळी इतकी उतरली, की टर्बाइनं बंद ठेवायची वेळ येणार अशी चिन्हं दिसू लागली. तेवढ्यात पाऊस झाला. अस्वानला सरसकट नावं ठेवणाऱ्यांना मी ही वर्षं आठवायला सांगतो.

आणि गोडवे गाणाऱ्यांना सार्डिन आठवायला सांगतो. पूर्वी पुराबरोबर गाळ आणि पोषक द्रव्यं भूमध्य समुद्रात जायची, त्यावर मुखाजवळ सार्डिन मासे पोसायचे. १९६२ मध्ये सुमारे १८ हजार टन सार्डिन मिळाली होती. नदी अडवल्यावर, १९६८ च्या सुमारास, ती पाच-सहाशे टनांवर आली. गाळ धरणातच बसू लागला, तसा खाली त्रिभुज प्रदेशाचा किनारा समुद्र खाऊ लागला. पुराच्या गाळाची जागा रासायनिक खतानं घेतली. त्यातलं बरंच खत अस्वानच्याच विजेवर चालणाऱ्या कारखान्यात तयार व्हायचं. नदी जे फुकट आणून टाकत होती, ते आता वीज जाळून करायचं. एवढं होऊनही इजिप्त आज जगातल्या सर्वांत मोठ्या गहू आयातदारांत मोडतो, कारण १९६० मध्ये तीन कोटींच्या आत असलेली लोकसंख्या दहा कोटींच्या पुढे गेली. धरणानं पिकांची शाश्वती दिली. पोटं किती वाढतील हे त्याच्या हातात नव्हतं.

माशांचं नुकसान हिशेबात फार क्वचित धरतात. मासळीची सातबाऱ्यावर नोंद नसते, त्यामुळे ती बुडाली तरी भरपाईच्या यादीत येत नाही. मेकाँगच्या खोऱ्यात कंबोडियातल्या लोकांची प्राणिज प्रथिनं प्रामुख्यानं नदीच्या माशांतून येतात. तिथे वरच्या बाजूला धरण झालं, की एका देशाची वीज वाढते आणि दुसऱ्याच्या ताटातून काहीतरी कमी होतं. गाळाचं तसंच. चीननं पीत नदीवर १९६० मध्ये सानमेनशिया धरण पुरं केलं, ते इतक्या झपाट्यानं गाळानं भरलं की गाळ सोडायला नवे मार्ग काढून त्याची रचनाच बदलावी लागली.

पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती करिबाची गोष्ट सांगताना. झांबेझी नदीवर, झांबिया आणि झिम्बाब्वे यांच्या सीमेवर १९५९ मध्ये पुरं झालेलं हे धरण. साठवणुकीच्या मापानं जगातला सर्वांत मोठा मानवनिर्मित जलाशय, सुमारे १८० अब्ज घनमीटरचा. तो बांधताना पन्नास हजारांहून अधिक टोंगा लोकांना उठवलं. एवढा तलाव कधी रिकामा होईल, असं कुणाला वाटलं नव्हतं. २०२२ च्या अखेरीला उपयुक्त साठा पाच टक्क्यांच्या खाली गेला आणि नदी प्राधिकरणानं झिम्बाब्वेला त्यांच्या बाजूची वीजनिर्मिती थांबवायला सांगितलं. २०२४ मध्ये अल निनोच्या दुष्काळात झांबियात मका करपला, आणि त्याच दुष्काळानं करिबाही आटला. बहुतेक वीज पाण्यावरच होत असल्यानं काही भागांत दिवसाला वीस-वीस तास अंधार. पाऊस नाही म्हणून पीक नाही. विहिरीत असेल ते पाणी उपसावं तर पंपाला वीज नाही. बाहेरून धान्य आणि वीज विकत घ्यावी तर पैसा दोन्हीकडे ओढला जातो. एरवी पाऊस चुकला, तर निदान दिवे चालू राहतात. सगळी वीज नदीवर टांगली, की अन्न, पाणी आणि वीज एकाच वर्षी बुडतात. यावर उपाय दुसरं धरण बांधणं हा नाही, कारण तेही त्याच पावसाची वाट बघणार. ब्राझीलला हा धडा २००१ मध्येच मिळाला होता. जलाशय उतरले आणि देशाच्या मोठ्या भागात विजेचा वापर वीस टक्क्यांनी कापावा लागला.

म्हणून मी धरणाच्या उंचीपेक्षा जलाशय परिचालनाचं वेळापत्रक आधी मागतो. कोणत्या तारखेला किती पातळी ठेवायची, तूट आली तर आधी कुणाचं पाणी कापायचं, सलग दुसरं वर्ष कोरडं गेलं तर काय, हे त्यात लिहिलेलं असतं. किंवा असायला हवं. भिंत कोट्यवधी रुपयांची आणि हा कागद काही पानांचा, पण धरणातून मिळणारी सुरक्षितता कुणाच्या वाट्याला येते ते या कागदावर ठरतं.

नाईलवरच आता इथिओपियानं ७४ अब्ज घनमीटर साठवणारं, ५,१५० मेगावॉटचं धरण बांधलंय; सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. निव्वळ विजेचं धरण असल्यानं पाणी टर्बाइनमधून पुन्हा नदीतच येतं, त्यामुळे चांगल्या वर्षी इजिप्तला फारसं बिघडणार नाही. प्रश्न वाईट वर्षांचा आहे. चार वर्षं कोरडी गेल्यावर पाचव्या वर्षी पाऊस आला, तर इथिओपिया आधी आपलं धरण भरून घेणार की खाली अस्वानला पाणी जाऊ देणार? उद्घाटन झालं तेव्हा त्यावर दोघांना बांधील असा कुठलाही करार झालेला नव्हता.