आमच्या वाट्याला साधा खूनही नाही

रविवार, रात्री उशिरा

वहिनी सहज बोलून गेली, पण दुपारपासून तेच डोक्यात घोळतंय. "मुलुंडात काय घडणार गं? फार तर पार्किंगवरून भांडण." सगळे हसले. मीही हसले.

या वेळी आमच्या वाचनगटात ‘मुंबई न्वार’ होतं, न्वार म्हणजे काळोख्या गुन्हेकथा, त्यांचा संग्रह. अल्ताफ टायरवालांनी संपादित केलेलं, 2012 चं. ब्रुकलिनपासून 2004 मध्ये सुरू झालेल्या, एकेका शहरावरच्या संग्रहांच्या या मालिकेचा शिरस्ताच आहे की प्रत्येक कथेला शहरातली एक जागा नेमून द्यायची आणि सुरुवातीला नकाशा छापायचा. त्यावर मुडद्यांच्या आकृत्या. मग व्हायचं तेच झालं. चौदा कथा, पण प्रत्येकाने आधी आपला पत्ता शोधला. अंधेरीचे गृहस्थ अंधेरी पूर्वेच्या कथेतले रस्ते तपासत बसले. वाळकेश्वरच्या बाईंना वाळकेश्वरची कथा ‘अतिरंजित’ वाटली आणि कामाठीपुऱ्याची अगदी अस्सल. कामाठीपुऱ्यात त्या कधी गेल्या होत्या, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

आणि मुलुंड? नाही. अनुक्रमणिका मी दोनदा पाहिली. नागपाडा, लॅमिंग्टन रोड असणारच. वरळी, वर्सोवा, माहीमचं चर्च, ठीक. पण मीरा रोड! मीरा रोड ठाणे जिल्ह्यात, त्यांची महापालिकाही वेगळी, तरी तो आत. आम्ही बृहन्मुंबईच्या हद्दीत, कर मुंबईला भरतो आणि बाहेर. संजय गांधी उद्यानालासुद्धा एक कथा मिळाली आहे. त्या उद्यानाची मागची बाजू आमच्याकडेच येते, बिबटे येतात ते तिकडूनच. तेवढ्यावर समाधान मानायचं.

हे मला इतकं का लागावं? संग्रहात नाव यायला आपल्या वस्तीत पाप लागतं, आणि ते नाही म्हणून मी हिरमुसले आहे. कुणाला सांगायचीही सोय नाही. पण लागलं खरं. जन्म इथे गेला, आणि शहराची गोष्ट सांगायला बसलेल्या माणसांना आपण आठवतही नाही. उजेडासाठी नाही, अंधारासाठी तरी आठवायचं.

गिरगावचे मास्तर माझ्या बाजूने बोलले, पण स्वतःसाठी. गिरगाव नाही, दादर नाही, परळ-लालबाग नाही; 1982 चा संप, गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर, याहून काळं काय असतं, म्हणाले. मला पटलं. बाकी मतं नेहमीचीच. सगळं बार, वेश्या आणि बॉम्ब. या शहरात शिक्षक राहत नाहीत का? शेवटी खुनी सापडतच नाही, मग पोलीस करतात काय? या दुसऱ्या तक्रारीवर मात्र मी थोडी वैतागले. या जातीच्या कथेत खुनी सापडला तरी काही नीट होत नाही, तीच तर गंमत. ज्याला शेवटच्या पानावर न्याय हवा, त्याने वर्तमानपत्रही वाचू नये.

बॉम्बचं मात्र मी काही बोलले नाही. पुस्तकाचा पहिला भाग त्याच सावलीतला. 13 मार्च 2003 ला संध्याकाळी लोकल मुलुंड स्टेशनात शिरत होती आणि बायकांच्या डब्यात... थोरली त्या वेळी त्याच लाईनने यायची. असो. काही घडत नाही म्हणे मुलुंडात.

चहा घेतला. मग म्हटलं, आपणच लिहू. न्वारला लागतं काय? पैसा, दबाव, आणि सगळं समजूनही गप्प बसणारी चांगली माणसं. हे तर आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावरच लावलेलं आहे! पुनर्विकास. 2019 पासून 51 टक्के संमती पुरते, त्यामुळे उरलेल्यांना कुणी समजवायला जात नाही, नुसतं पाहतात. बिल्डरचा माणूस दिवाळीत मिठाई घेऊन येतो आणि चौकशी सहीवाल्यांची नाही, न केलेल्यांची करतो. लिफ्टमध्ये आवाज बंद होतात. सेक्रेटरी फार गोड बोलतात, आणि मी पाहिलंय, ते गोड बोलायला लागले की दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी घरी पाणी येत नाही.

मजा यायला लागली. वॉचमनला सगळं माहीत असणार, पण तो बोलणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना टेरेसची किल्ली कुणाकडे असते हे माहीत आहे. मी स्वतः? मी पहिल्याच आठवड्यात सही केली होती. कथेत अशी एक बाई लागतेच, तिला सगळं दिसतं आणि ती आपल्या नव्या घराचं चटईक्षेत्र मोजत असते.

अडचण एकच. मरणार कोण? सही न केलेला, एकटा राहणारा, हट्टी म्हातारा. म्हणजे आमच्या सोसायटीतले अण्णा.

रात्री ते आमच्याकडे जेवायला होते, तेव्हा त्यांना सांगितलं. त्यांनी ताकाची वाटी खाली ठेवली आणि विचारलं, "कितव्या पानावर?" मी म्हटलं, पहिल्याच. "बरं झालं," म्हणाले, "मंगळवारच्या मीटिंगला यायला नको."