डांबरवाल्याच्या दारात काँक्रीट

“काका, जन्मभर डांबर ओतलंत आणि स्वतःच्या दारात काँक्रीट? मग आम्ही काय समजायचं?”

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, सोमेश्वरला फिरायला गेलो की विचारतात, परवा तर दाढी करता करता न्हाव्याने विचारला. मी रस्त्याच्या खात्यातून निवृत्त झालो. नाशिकच्या 2003 आणि 2015 अशा दोन सिंहस्थांची रस्त्यांची कामं अंगावरून गेली. आता 2027 चा कुंभ तोंडावर आहे, जिकडेतिकडे रस्ते खणलेले, आणि बंगलेवाल्यांच्या डोक्यात एकच गणित: समोर काम चाललंच आहे, तर उरलेल्या मालात आपला गेट ते पोर्चचा पट्टाही उरकून घ्यावा. मुकादमाला चहापाणी दिलं की झालं.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तो माल सरकारी असतो, हे एक बाजूला ठेवा (खरं तर ठेवू नका). पण ‘उरलेला’ या शब्दातच सगळी मेख आहे.

डांबर हे गरम पोळीसारखं आहे. तव्यावरून उतरलं की लगेच कामी लावायचं. हॉट मिक्स प्लांटमधून माल निघतो तेव्हा 150 ते 160 अंश सेल्सिअस तापलेला असतो. अंथरून, रोलर फिरवून, दाबून होईपर्यंत तो 100 अंशांच्या खाली घसरता कामा नये. घसरला की खडी खडीला धरत नाही. वरून काळंभोर, झकास दिसतं आणि पहिल्या श्रावणात खडी सुटी होऊन चपलेखाली करकरते. दिवसभर ट्रकमध्ये पडून संध्याकाळी तुमच्या गेटात येणारा माल म्हणजे असाच थंड झालेला माल.

मग ताजा मागवावा? हिशेब करा. माझा पट्टा 35 फूट लांब, 10 फूट रुंद. दीड इंचाचा थर धरला तर माल लागतो जेमतेम 3 टन. 3 टनांसाठी प्लांट कोण पेटवणार? आणि पेटवलाच, तर दाबायला 8-10 टनांचा रोलर आत आणायचा कसा? एकीकडे कंपाउंडची भिंत, दुसरीकडे पाण्याची टाकी, मध्ये ड्रेनेजचं चेंबर. लहान यंत्राने दाबून घेणारे भेटतात, काही जण काम नीटही करतात, पण पातळ थर भराभर निवतो, त्यांना धावपळच करावी लागते. डांबर हा लांब रस्त्याचा माल आहे. त्याला मैदान लागतं.

शिवाय डांबराला रहदारी लागते, हे लोकांना सांगितलं की हसतात. रस्त्यावरचं डांबर चाकांखाली सतत मळलं जातं, म्हणून जिवंत राहतं. तुमच्या दारात दिवसातून दोनदा गाडी येणार-जाणार. बाकी वेळ ऊन खात डांबर नुसतं सुकत राहतं, ठिसूळ होतं. तीच गाडी रोज त्याच चार ठिपक्यांवर उभी राहिली की मे महिन्यात तिथे वाट्या पडतात. उभ्या जागी स्टेअरिंग वळवलं की थर खरवडतो, स्कूटरचा स्टँड रुततो. आणि गाडीखाली डिझेल-ऑइल ठिबकलं तर डांबर त्यात विरघळतं, कारण दोघं एकाच घरचे: कच्च्या तेलातून निघालेले. (आता रस्त्यावर वापरतो ते बिटुमेन. खरं डांबर म्हणजे कोळशापासून निघणारं. कपाटात टाकायच्या डांबरगोळ्या त्या घराण्यातल्या. पण बिटुमेन म्हटलं की मुकादमही बावचळतो, तेव्हा डांबरच म्हणू.)

“पण अमेरिकेत तर घरोघरी डांबर आहे!” हे वाक्य मला माझ्या पुतण्याने न्यू जर्सीहून फोनवर ऐकवलं. आहे, आणि बरोबर आहे. तिकडे हिवाळ्यात जमिनीतलं पाणी गोठून फुगतं, वितळतं, पुन्हा गोठतं. बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते काँक्रीटचा पृष्ठभाग खातं. डांबर थोडं वाकतं, सोसतं, वरून ठिगळ लावता येतं. आणि तिथे घरगुती कामाची यंत्रं घेऊन फिरणारे ठेकेदार गल्लोगल्ली असतात. आपल्याकडे निफाडचा पारा फारच खाली गेला की द्राक्षबागांत दव गोठतं, शेतकरी रात्रभर शेकोट्या पेटवतात. पण जमीन गोठत नाही. आपला शत्रू वेगळा आहे आणि तो पायाखालीच बसलाय.

आता मुद्द्यावर येतो. घर मखमलाबादच्या बाजूला बांधलं. प्लॉट पूर्वी द्राक्षबागेचा. म्हणजे काळी जमीन, शेतीला सोन्यासारखी आणि बांधकामाला अवलक्षणी. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आकसते. मेमध्ये त्या रिकाम्या प्लॉटवर अशा भेगा पडायच्या की मनगटापर्यंत हात आत जायचा. अशा जमिनीवर डांबर टाकलंत तर लाटा येतील, काँक्रीट टाकलंत तर तुकडे होतील. वरचा थर काय निवडायचा यावर लोक माझ्याकडे तासभर बसतात. खाली काय आहे हे बघायला एक फूट खड्डा खणा म्हटलं, तर सहा महिने खणत नाहीत.

मी 2 फूट काळी माती काढून टाकली. शेजारच्यांना वाटलं, हा विहीर पाडतोय. मग लाल मुरूम, 6-6 इंचांच्या थरात. प्रत्येक थरावर पाणी आणि धुम्मस, म्हणजे जड ठोकणीने आपटून दाबणं. एकदम 2 फूट भरून वरून कितीही आपटलं तरी खालचा भाग पोकळच राहतो. पुढे पावसाळ्यात तो बसतो आणि वरचा स्लॅब अधांतरी लटकतो. मुरुमावर दगडी सोलिंग, म्हणजे हाताने रचलेल्या दगडांचा थर, फटींमध्ये बारीक खडी, त्यावर प्लास्टिकचा कागद. निम्म्याहून जास्त पैसे मातीत गेले. ही म्हणाली, “दिसणार काहीच नाही.” खरंच, काही दिसत नाही. तुमची जमीन देवळाली-पांडवलेण्यांकडची मुरमाड असेल तर यातलं बरंचसं वाचेल, नशीबवान आहात.

त्यावर 5 इंच काँक्रीट, एम-20. मिस्तरींच्या भाषेत एकास दीड, तीन: एक घमेलं सिमेंट, दीड वाळू, तीन खडी. 350 चौरस फुटांना 33-34 गोण्या लागल्या. रेडी-मिक्सची गाडी एवढ्यासाठी परवडत नाही, मिक्सरच लावला. आणि मिक्सर लावला की पाण्यावरून भांडण आलंच. 50 किलोच्या गोणीला पाणी हवं 25 लिटरच्या आसपास, वाळू ओली असेल तर त्याहून कमी. पण माल पातळ असला की ढकलायला सोपा, म्हणून हात नळाकडे जातो. जादा पाणी नंतर वर येतं आणि पृष्ठभागावर कमकुवत साय धरते. मग ती झाकायला कोरडं सिमेंट भुरभुरवून चकचकीत घोटायचं. दोन पावसाळ्यांत त्याचे पोपडे निघतात, आणि निघाले नाहीत तर त्यावरून तुम्ही घसरता. मी खुर्ची टाकून मिक्सरजवळ बसलो होतो. मिस्तरी म्हणाले, “साहेब, तुम्ही आत जाऊन पंख्याखाली बसा.” मी गेलो नाही. ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढून घेतल्या.

एवढं सगळं करून भेग पडली.

ती कशी पडली तेही सांगायला हवं, कारण चूक माझी होती. काँक्रीट सुकताना आकसतं, आणि ताण सोसायची त्याची ताकद दाब सोसायच्या ताकदीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. ते तडकणारच. तडा कुठे जावा एवढंच आपल्या हातात. त्यासाठी दर 10 फुटांवर यंत्राने खाच कापायची, जाडीच्या चौथ्या हिश्शाइतकी खोल, म्हणजे सव्वा इंच. आणि कापायची ती त्याच संध्याकाळी, फार तर दुसऱ्या दिवशी उजाडताच. लोखंडाची जाळी घातली की तडे जात नाहीत असं लोक समजतात. जातात. जाळी फक्त त्यांना फाकू देत नाही, आणि तीही वरच्या भागात उचलून धरली तर. तळाशी लोळत पडलेली जाळी म्हणजे जमिनीत पुरलेले पैसे.

हे मी नोकरीत शंभरदा लोकांना ऐकवलंय. पण मेमध्ये मुलीचं लग्न, दारात मांडव घालायचा, म्हणून एप्रिलच्या उन्हात काम काढलं. दिवाळीनंतर थंडीत काढायचं ते. सकाळी काँक्रीट टाकलं, दिवसभर गरम वारा. कटरवाला संध्याकाळी येणार होता. त्याचं यंत्र दुसऱ्या साइटवर अडकलं. आला तिसऱ्या दिवशी. तोवर चेंबरच्या कोपऱ्यातून एक तिरकी रेघ थेट भिंतीपर्यंत गेली होती. तडे कोपऱ्यातूनच निघतात, तिथे चेंबरभोवती वेगळी फट सोडायला हवी होती. तीही घाईत राहिली. निवृत्त अभियंत्याच्या दारात भेग! व्याही बघायला आले तेव्हा मी बरोबर त्या रेघेवर उभा होतो.

पाणी मात्र चोख मारलं. कांद्याला करतात तसे मातीचे वाफे करून 10 दिवस पाणी साठवून ठेवलं. पूर्ण ताकद यायला 28 दिवस धरतात, पण लहान गाडी त्याआधी चढवायला हरकत नाही. मांडवाचे खांब 15 व्या दिवशी उभे राहिले, खड्डे न खणता, वाळूच्या डब्यांत.

अजून एक गोष्ट, जी कोणीच विचारत नाही. उतार. गेटकडे दर 50 फुटांना एक फूट, म्हणजे माझ्या 35 फुटांत 8 इंच. पण गेटाची पातळी आजच्या रस्त्यावरून ठरवू नका. आपल्याकडे दर काही वर्षांनी रस्त्यावर जुना थर न खरवडता नवा चढतो. रस्ता वर जातो, तुमचं अंगण तिथेच राहतं आणि पाणी उलटं पोर्चकडे येतं. गंगापूर रोडच्या गल्ल्यांतल्या जुन्या बंगल्यांत जाऊन बघा, रस्त्यावरून पायऱ्या उतरून आत जावं लागतं. मी तसे थर स्वतः चढवलेत, म्हणून खात्रीने सांगतो. गेटाजवळ रस्त्यापेक्षा 6 इंच उंच राहा. आज गाडी थोडी चढवावी लागेल, लागू दे.

पेव्हर ब्लॉकचं विचारलंत तर: ज्यांच्या दाराखालून अजून गॅसची लाइन, केबल, ड्रेनेज जायचं आहे, त्यांनी बेलाशक ब्लॉक घ्यावेत. उचलता येतात, परत बसवता येतात. गाडीसाठी 60 मिलिमीटरचे चालतात, 80 चे निर्धास्त. कडेला पक्की काँक्रीटची किनार नसेल तर मात्र वर्षभरात ब्लॉक दातांसारखे विस्कटतात. खालची तयारी तीच, त्यात सूट नाही.

माझ्या भेगेत मी सिमेंटची पातळ खीर ओतली होती, नंतर सीलंट भरलं. तेव्हापासून दर जूनच्या सुरुवातीला आणि दिवाळीला तिच्यावर पट्टी लावून बघतो. रुंदी तेवढीच आहे, दोन्ही बाजूंची पातळी एक आहे. तिच्या शेजारी, कटरवाल्याने तिसऱ्या दिवशी कापलेली सरळ, सुबक खाच आहे. तिच्याखाली काहीच तडकलेलं नाही. मुंग्या राहतात तिथे.