इफ लावू की ट्राय?

रत्नागिरी-कुडाळकडे कोडिंग शिकणाऱ्या मुलांचा हा हमखास प्रश्न: आधी इफने तपासून पुढे जायचं, की ट्रायमध्ये काम करून टाकायचं आणि बिनसलं तर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) पकडायचं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

हापूसच्या पेट्यांचं बुकिंग घेणारा पायथनचा छोटा प्रोग्राम धरा. गिऱ्हाईक 'किती पेट्या' हा रकाना भरतं. आधी इझडिजिट (सगळे अंकच आहेत का ते बघणारं), मग इंट (मजकुराचा आकडा करणारं), हे शहाणपणाचं वाटतं आणि तिथेच फसायला होतं. इंटला देवनागरी '१२' चालतं, मागेपुढे मोकळी जागा असली तरी चालतं. इझडिजिट त्या मोकळ्या जागेला अडतं, आणि गणितातल्या वर्गाचा बारका '²' मात्र खुशाल सोडतं, ज्यावर इंट व्हॅल्यूएरर (ही किंमत चालत नाही, असं सांगणारं एक्सेप्शन) देतं. तपासणाऱ्याचे नियम वेगळे, करणाऱ्याचे वेगळे. तेव्हा सरळ इंट करा आणि व्हॅल्यूएरर पकडा. पुढे आकडा शून्याच्या वर आहे का, हे बघायला साधा इफच हवा. इंटच्या लेखी '-3' अगदी चोख आकडा आहे.

शेवटच्या पेटीला खरी पंचाईत. शिल्लक 1, गिऱ्हाइकं दोन, एकाच क्षणी. दोघांनाही 1 दिसली, दोघांचाही इफ पास, दोघांचंही बुकिंग झालं. ट्राय लावूनही हे सुटत नाही, कारण एक्सेप्शन येतच नाही! अट डेटाबेसमधली शिल्लक कमी करणाऱ्या अपडेट आज्ञेच्याच व्हेअरमध्ये (अटीच्या भागात) घाला, 'शिल्लक > 0', आणि किती ओळी बदलल्या ते बघा. 0 आलं तर पेट्या संपल्या.

नेटवर्कसाठी ट्रायच. वळवाच्या पावसात रेंज आत्ता असते, पुढच्या क्षणी नसते. आधी विचारून काय मिळणार? नेटवरून मागणी पाठवणाऱ्या रिक्वेस्ट्स लायब्ररीला टाइमआउट (किती वेळ थांबायचं ती मर्यादा) आपणच द्यायचा, नाहीतर प्रोग्राम ताटकळत बसू शकतो. पैसे भरताना टाइमआउट झाला म्हणजे पैसे कापले गेले नाहीत, असं मात्र समजू नका. पैसे कापून फक्त उत्तर वाटेत हरवलेलं असू शकतं. म्हणून पुन्हा पाठवताना ऑर्डर क्रमांक तोच ठेवा, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर सर्व्हरने तो ओळखायला हवा.

आणि ट्रायच्या पोटात अख्खं फंक्शन कोंबू नका. इंटची एकच ओळ तिथे, बाकीचं एल्समध्ये (एक्सेप्शन आलं नाही तरच चालणारा भाग). नाहीतर पुढे तारीख वाचताना आलेला व्हॅल्यूएररही तिथेच पकडला जातो, आणि पेट्यांचा आकडा बरोबर टाकलेल्या गिऱ्हाइकाला 'आकडा नीट टाका' म्हणून दटावलं जातं.