हीटर बंद, स्पीड शंभर

जॉब कार्डवर 'नो फॉल्ट फाउंड' लिहून सही केली, सुपरवायझर खूश, कार्ड क्लोज. माझ्या डोक्यातलं कार्ड मात्र काही क्लोज होऊन नाही राहिलं, म्हणून लिहून काढतो.

मी नागपुरात इलेक्ट्रिक गाड्यांवर काम करतो, आमचं वर्कशॉप अमरावती रोडवर वाडीकडे आहे. आधी डिझेलवर होतो, पंप आणि इंजेक्टरची कामं. लोकांना वाटतं की इलेक्ट्रिकचं काम म्हणजे लॅपटॉप लावला, लाल लाइट घालवला, झालं. लॅपटॉप लागतो हे खरं, पण गाडीच्या मोठ्या बॅटरीजवळ, म्हणजे पॅकजवळ जायचं असेल तर सकाळी पहिलं काम असतं रबरी हातमोज्यांत हवा भरून ते मनगटापासून गुंडाळत नेणं आणि कुठे फुसफुस होते का ते कानाजवळ धरून ऐकणं. सुईएवढं भोक असलं तरी तो मोजा बाद. मग पॅकची वीज तोडणारा सर्व्हिस प्लग काढायचा, कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत गप उभं राहायचं, मीटरवर झिरो बघायचा, तेव्हा कुठे जास्त व्होल्टेजच्या नारंगी केबलला हात. आणि इतकं सगळं शिकून येणाऱ्या तक्रारी काय, तर साध्या बारा व्होल्टच्या बॅटरीने मान टाकली, घरचं अर्थिंग गेलं, अ‍ॅप उघडत नाही. हिवाळ्यात त्यात एकाची भर पडते, 'रेंज पडली'.

नागपूर आणि थंडी म्हटलं की पुण्या-मुंबईचे लोक हसतात. त्यांना फक्त आमचा मे महिना माहीत. २९ डिसेंबर २०१८ ला इथे पारा ३.५ वर आला होता, आणि जानेवारीत पहाटे आठ-नऊ डिग्री म्हणजे आमच्याकडे काही बातमी नाही. मेळघाटात वर चिखलदऱ्याला तर आणखी कमी.

तर जानेवारीतला रविवार, सकाळी नऊच्या सुमारास फोन आला की चिखलदऱ्याहून नागपूरला येताना कारंजा घाडगे सोडून कोंढाळीच्या अलीकडे गाडी बंद पडली आहे, फॅमिली सोबत आहे, दुपारी नागपुरात लग्न आहे. व्हॅन घेऊन निघालो आणि अख्खी गाडी वर चढवून नेणाऱ्या फ्लॅटबेडवाल्याला मागून यायला सांगितलं. पोचलो तर तिथे एक क्रेनवाला आधीच हजर, पुढची चाकं जमिनीवर ठेवून मागून उचलायच्या तयारीत. अक्षरशः धावत जाऊन थांबवला त्याला. पुढच्या चाकांना मोटर जोडलेली असते भाऊ, चाकं फरफटत फिरली की मोटर वीज बनवते, ती जाणार कुठे, मोटर चालवणाऱ्या इन्व्हर्टरमध्ये. त्याला ते काही पटलं नाही, 'न्यूट्रल टाकून देऊ ना' म्हणत राहिला. हायवेवरचे हे लोक आता रोज इलेक्ट्रिक गाड्या ओढतात, त्यांना एक दिवस बोलावून कोणी नीट शिकवत का नाही ते मला समजत नाही.

गाडीत चौघं. एका इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवणारे सर, त्यांच्या मिसेस, मुलगी, आणि मागच्या सीटवर सरांचे बाबा, वय अठ्ठ्याहत्तर. माकडटोपी, मफलर, वरून शाल, मांडीवर चिखलदऱ्याच्या कॉफीचं पाकीट, आणि ओठ निळसर. मी हात लावून बघितला तर बर्फ. हीटर कधीचा बंद आहे विचारलं तर सर म्हणाले, हेल्पलाइनवाल्याने सांगितलं, अठरा टक्के होते तेव्हाच. बाबांना आधी आमच्या व्हॅनमध्ये बसवलं आणि ब्लोअर फुल्ल केला. डिझेल इंजिनाचं कसं, तेलातली अर्ध्याहून जास्त ताकद उष्णता होऊनच बाहेर पडते, त्यातली थोडी आत वळवली की गाडी ऊबदार, खर्च काही नाही. बाबा पाच मिनिटांत बोलायला लागले. "पोराची गाडी लय चांगली आहे बरं," म्हणाले, "फक्त थंडीत नेऊ नये कोणी."

सर मात्र तापलेले. गाडीत डिफेक्ट आहे, बॅटरी वॉरंटीत बदलून द्या, आणि तो अमरावतीचा चार्जरसुद्धा फालतू आहे, शनिवारी ४३ किलोवॅट देत होता आणि आज १३, तिथल्या पोराला मी चांगला झापला. आणखी एक पुरावा होता त्यांच्याकडे. पावसाळ्यात ते असेच चिखलदऱ्याहून उतरले होते तेव्हा घाट संपेपर्यंत दोन टक्के चार्ज वाढला होता, ह्या वेळेस आठ टक्के कमी झाला. तीच गाडी, तोच घाट. "उंची कमी झाली, पोटेन्शियल एनर्जी गेली कुठे?" असं त्यांनी मला रस्त्यात उभं राहून विचारलं, व्हायवा घेतल्यासारखं.

प्रश्न बरोबर होता. उत्तर सोमवारी मिळालं, लॉग काढल्यावर.

लॉग वाचायला मला मनापासून आवडतं, माणूस सांगतो ते एक असतं आणि गाडीने लिहून ठेवलेलं वेगळंच असतं. आधी सेलचे व्होल्टेज बघितले, सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा यातला फरक अगदी मामुली. पॅकची तब्येत ठणठणीत, इन्सुलेशन ठीक, एकही फॉल्ट कोड नाही. मग तापमानाची रेघ उघडली. शनिवारी दुपारी अमरावतीच्या चार्जरवर पॅक २९ डिग्रीवर होता. रात्रभर गाडी रिसॉर्टच्या बाहेर उघड्यावर उभी. पहाटे पाचला निघाले तेव्हा पॅक ९ डिग्री, चार्ज ५६ टक्के.

आता ही लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी आहे. थंड असताना ती वीज देताना थोडी कुरकुर करते, पण घेताना जास्त नाटकं करते, आणि त्याला कारण आहे. थंडीत जोरात चार्ज केली तर लिथियम आत मुरत नाही, वरच्यावर धातूसारखा साचतो आणि सेलचं कायमचं नुकसान होतं. म्हणून बॅटरी मॅनेजमेंटचा कंप्युटर करंटला लगाम घालतो. हा लगाम चार्जरला तर लागतोच, रीजनलाही लागतो, म्हणजे उतारावर किंवा वेग कमी करताना मोटर वीज बनवून पॅकमध्ये परत टाकते त्याला, कारण तेही चार्जिंगच. काही महाग गाड्यांत चार्जिंगच्या आधी पॅक गरम करायची सोय असते, ह्या मॉडेलमध्ये नाही.

सरांना स्क्रीनसमोर बसवलं. चार माणसं आणि सामान धरून दोन टन, उतार साधारण सातशे मीटर, त्यांनी तिथल्या तिथे गणित केलं, पावणेचार युनिटच्या जवळपास आलं. म्हणाले, हे कुठाय? मी म्हटलं, "सर, ब्रेक डिस्कमध्ये. पॅक थंड होता, त्याने वीज घ्यायला नकार दिला, तुम्ही घाटभर पायाने ब्रेक मारत आलात." त्यावर हीटर. थंड गाडी गरम करताना सुरुवातीला हा हीटर चार-साडेचार किलोवॅट ओढतो. इथे लोक उन्हाळ्यातल्या एसीला भितात, पण एसी एका युनिटमध्ये दोन-तीन युनिटएवढी उष्णता बाहेर फेकतो, आणि हा साधा पीटीसी हीटर म्हणजे पाणी तापवायच्या रॉडसारखा, एक युनिट घेतलं की एकच युनिट ऊब. बेचाळीस डिग्रीत एसी लावून चिखलदऱ्याला गेलात तर तासाला कदाचित कमी जाईल. सर गप बसले. मग मुलीकडे बघून म्हणाले, काच धुरकट होत होती म्हणून लावला होता गं. तेही खरंच, घाटात धुकं, आत चौघांचे श्वास, हीटर न लावून करणार काय.

चार्जरचंही तेच. सकाळी सातला तिथे पोचले तेव्हा इतकं चालवूनही पॅक १३ डिग्रीवर होता. काही क्विंटलचा डबा, इतक्या लवकर नाही तापत. चार्जर बिचारा द्यायला तयार, गाडीच घेईना. आणि त्या १३ किलोवॅटमधले दोन-अडीच हीटर खात होता कारण सगळे आतच बसलेले. पस्तीस मिनिटांत २८ वरून ४४ टक्के. ज्या पोराला शिव्या पडल्या त्याच्याबद्दल मला वाईट वाटतं, रात्रपाळी करून थंडीत उभा असेल, आणि चार्जरच्या स्क्रीनवर 'गाडीने मर्यादा घातली आहे' असं एक वाक्य मराठीत आलं असतं तर त्याला दाखवता तरी आलं असतं.

खरा घोळ झाला तो पुढे. चार्जरवर वेळ गेला म्हणून सरांनी तो रस्त्यावर भरून काढला. अमरावती सोडल्यापासून लॉगमध्ये वेग शंभरच्या वर, सतत. खर्च १०० किलोमीटरला साडेएकोणीस युनिट. हीच गाडी ऐंशीने चालते तेव्हा चौदाच्या आसपास खाते, त्यांच्याच जुन्या ट्रिपा काढून दाखवल्या. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो हे सरांना मी काय सांगणार, पण त्यात आणखी एक गोष्ट, आठ डिग्रीची हवा बेचाळीस डिग्रीच्या हवेपेक्षा बारा टक्के घट्ट असते. टायरमध्येही हवा कमी निघाली, थंडीत ती आपोआप दोनेक पीएसआय उतरते आणि आपल्याकडे लोक दिवाळीत भरलेली हवा होळीला बघतात. वाटेत चार्जर होते, तिथे थांबले नाहीत, कारण पहिल्या ठिकाणी इतका वेळ गेला होता. आणि गंमत म्हणजे तिथे थांबले असते तर पॅक तोवर तापलेला होता, दुप्पट-तिप्पट स्पीडने चार्ज झाला असता. मीटरवर उरलेले किलोमीटर दाखवत होता तो आकडाही आदल्या दिवसाच्या दुपारच्या हिशोबातला.

मग अठरा टक्क्यांवर हेल्पलाइनला फोन. पलीकडून उत्तर, हीटर बंद करा. त्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांच्या स्क्रीनवर तेच लिहिलेलं असतं, ते दिल्लीकडे कुठेतरी बसून वाचून दाखवतात. पण हिशोब करा ना. गाडी आतून गरम झाल्यावर हीटर दीडेक किलोवॅटवर येऊन स्थिर होतो. बंद केल्यापासून गाडी थांबेपर्यंत त्यांनी जेमतेम एक युनिट वाचवलं, तेही नाही. त्या अमरावती-कोंढाळी पट्ट्यात वेगापायी गेले पाच युनिट. म्हणजे हीटर चालू ठेवून ऐंशीने आले असते तर रेंज जास्त मिळाली असती आणि म्हातारा माणूस गारठला नसता. हेल्पलाइनवाल्याने वेग विचारलाच नाही, मी रेकॉर्डिंग मागवून ऐकलं. शहरातलं वेगळं आहे, धरमपेठ ते सदर असं दहा-दहा मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्याची रेंज खरंच हीटर खातो, दर वेळी थंड गाडी नव्याने तापवावी लागते. हायवेवर ते खरं नाही. दोघांना एकच उत्तर कसं चालेल?

सरांना हे सहज नाही पटलं, मेकॅनिकलवाले आहेत. म्हणून त्यांची गाडी एक रात्र वर्कशॉपच्या अंगणात उघडी ठेवली. सकाळी पॅक ११ डिग्री, आमच्या चार्जरवर १६ किलोवॅटच्या वर जाईना. दुपारी सरांना घेऊन बुटीबोरीपर्यंत हाणून आलो, पॅक २६, तोच चार्जर, चार्जही साधारण तितकाच, ४१ किलोवॅट. स्क्रीनचा फोटो काढून घेतला त्यांनी, म्हणाले पोरांना शिकवतो. मग थोड्या वेळाने विचारलं, "हे मला गाडी घेताना काहून नाही सांगितलं कोणी? शनिवारी संध्याकाळी पोचल्या पोचल्या पॅक गरम असतानाच लावली असती ना मी चार्जिंगला."

रिसॉर्टवर पंधरा अँपियरचा पॉइंट होता, केबलच्या डब्यावर लाल लाइट आला म्हणून सोडून दिलं म्हणे. अर्थिंग नसणार. ते आणखी एक दुखणं, त्यावर वेगळं लिहावं लागेल. पण त्यांच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डिलिव्हरीच्या दिवशी मी शोरूमला बरेचदा असतो, तिथे काय होतं मला माहीत आहे, हार घालतात, केक कापतात, रील काढतात, ब्लूटूथ जोडून देतात. चार्जिंगबद्दल एवढंच, की 'रोज ऐंशी टक्क्यांवर थांबवा', जे ह्या प्रकारच्या बॅटरीला लागूही नाही, हिला उलट अधूनमधून शंभर टक्के करावं लागतं नाही तर टक्क्यांचा अंदाज चुकायला लागतो.

तर मी एक पानाचा कागद टाइप केला. मराठीत, ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवायला. मुक्कामी पोचलात की लगेच चार्जिंगला लावा, सकाळवर ठेवू नका. पहाटे निघणार असाल तर गाडी प्लगवर असतानाच आतून गरम करून घ्या, पण साध्या पॉइंटवर हीटर प्लगपेक्षा जास्त ओढतो हे लक्षात ठेवा. घाट उतरताना थंड गाडीत रीजनच्या भरवशावर राहू नका. पहिला चार्जर हळू चालला तर दुसऱ्यावर थांबा. रेंज कमी पडत असेल तर आधी वेग ऐंशीवर आणा, हीटर नंतर बघू, आणि गाडीत म्हातारं माणूस किंवा लेकरू असेल तर हीटरला हात लावू नका.

मॅनेजरला आवडला, त्यांनी वर पाठवला. वरून परत आला तो वेगाच्या ओळीवर लाल खूण करून. 'ऐंशीवर आणा' लिहिलं तर गाडी शंभरने चालत नाही असा ग्राहकाचा समज होईल म्हणे. हीटरची ओळसुद्धा हेल्पलाइनच्या उत्तराशी जुळत नाही, म्हणून तीही काढा. म्हणजे नेमक्या कामाच्या ओळीच गेल्या. मी दोन्ही ओळी तशाच ठेवून परत पाठवलाय, सध्या मंजुरीत आहे, आणि तोवर जो हिवाळ्याची तक्रार घेऊन येतो त्याला व्हॉट्सॅपवर पाठवून देतो, सुपरवायझर बघून न बघितल्यासारखं करतो.

सरांना पहिला पाठवला होता. परवा त्यांचा फोन आला, पुन्हा चिखलदऱ्याला निघालेत, ह्या वेळेस रिसॉर्टला आधीच फोन करून अर्थिंग करून घ्यायला लावलंय. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, तो व्हॅनवाला येत असेल तं येतो.